बिनदुधाची खीर

दिवाळी उलटली की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. हलका, लवकर येणारा धान कापून झालेला असतो, भारी, उशिराचा धान अजून शेताच्या बांधीत उभा असतो, आणि कापलेल्या बुडख्यांतून ओलसर, गोडसर असं काहीतरी वर येत राहतं. आता कापणीला यंत्र येतं. सकाळी घरघर करत शिरतं आणि जेवणाच्या वेळेआधी बांधी मोकळी. भारे नाहीत, भारे रचलेली पुंजणी नाहीत, खळ्यावर गोल फिरणारे बैल नाहीत. वास मात्र तोच. यंत्राला तो काही कापता आलेला नाही. मी दारात बसते, ऊन पाठीवर घेते. नव्या धानाच्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटत असेल. माझं तोंड कडू होतं. इतकी वर्षं गेली, तरी कडूच होतं.

यंदा याच दिवसांत नात आली होती पुण्याहून. तिनं दूध सोडलंय. दूध, दही, तूप, सगळंच. गाईच्या वासराच्या वाटचं आपण का प्यावं म्हणते. त्याला व्हीगन म्हणतात म्हणे. म्हणोत. पोर हाताची गुणी आहे. आल्या आल्या तिनं नारळाच्या दुधाचं पुडिंग केलं, वाटीत घालून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, आजी, खरं सांग, नारळाचा वास फार येतो ना? चॉकलेट घातलं, कॉफी घातली, तरी मागून येतोच. मी चमचाभर खाल्लं. येत होता. ती म्हणाली, तुला सुचतं का काही?

सुचतं का म्हणजे? या वासाच्या मागे मी अख्खी एक सुगी घातली आहे, बाई. पण हे मी मनात म्हटलं. तिला म्हटलं, सांगते सावकाश. आणि तिला सांगण्याऐवजी इथे लिहीत बसले. शाळा मी पाहिली नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं लावली. तेव्हा वाक्य वाकडं गेलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर नवेगाव बांधच्या अंगाचं. सासर तिरोड्याजवळ, बोदलकस्याच्या तलावावर ज्यांची शेती भिजते त्या गावांतलं एक. जिल्हा तेव्हा भंडारा होता. इंग्रज गेल्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. घर पोवारांचं. वाडवडील माळव्यातून आलेले, ही गोष्ट घरात दर पाहुण्याला एकदा तरी सांगितली जायची. सासूला मी मामी म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. घरात पोवारी, शेतावर झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी. मामी तिन्ही एकातच मिसळून बोलायच्या, आणि बोलायच्या ते तोंडावर. मी आले त्या दिवशी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, हात तं कामाचे दिसतात, तोंड कसं हाये ते चार दिवसांनी सांगीन. चार दिवसांनी सांगितलं पण. चालते म्हणाल्या.

त्या घरात दूध मुबलक. दोन म्हशी, तीन गाई, कधी कमी कधी जास्त. दूध तापवायचं ते चुलीवर नाही. परसात एक खोल खड्डा होता, त्यात गोवऱ्यांची आंच, वर मातीचं मडकं. सकाळी ठेवलेलं दूध दुपारपर्यंत मंद मंद शिजायचं, विटकरी रंगाचं व्हायचं, वर जाड साय. खरं सांगू का, आमच्याकडे दुधाला दुधाचा वास नव्हताच. गोवरीच्या धुराचा होता. लहान पोर असो की म्हातारं माणूस, तो धूर नाकात गेला की म्हणायचं, दूध झालं.

त्या दुधातला एक थेंब मामींच्या तोंडात जात नव्हता. मी लग्न होऊन यायच्या पुष्कळ आधी दोघं काशीला जाऊन आले होते. काशीला गेलं की काहीतरी सोडून यावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. हातावर गंगेचं पाणी घ्यायचं, जिन्नसाचं नाव घ्यायचं, पाणी सोडायचं. मग तो जिन्नस मरेपर्यंत नाही. मामींनी ही गोष्ट मला ढेकीवर सांगितली. ढेकी म्हणजे पायानं दाबायचं लांब लाकूड, धान कांडायचं. मी पाय देत होते, त्या खाली हात घालून तांदूळ सारत होत्या.

"मी तं गाडीत बसल्यापासून वांगं ठरवून राहिली होती," त्या म्हणाल्या. "पंड्यानं विचारलं, माई, क्या छोडती हो? मी तोंड उघडते न उघडते तं हे मधीच म्हणाले, दूध."

मी पाय थांबवला. काऊन, असं विचारलं. आवडीचं सोडलं तरच पुण्य लागते, असं मामाजी तिथे घाटावर म्हणाले होते. मग त्यांनी स्वतः काय सोडलं? मामी हसू लागल्या. हसता हसता खोकला आला त्यांना.

"अंजीर," म्हणाल्या.

अंजीर आमच्या गावात कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला पण हसू आलं. दोघी हसलो आणि पुन्हा धान कांडायला लागलो. त्या हसण्याची आता आठवण झाली की हसू येत नाही.

मामींना आवडायची ती खीर. नवा धान घरात आला की नव्या तांदळाची खीर व्हायची. देवाला आणि पूर्वजांना दाखवून मग घरानं नवं खायचं. चिन्नोर तांदूळ, तो शिजायला लागला की शेजारच्या दोन घरांना कळायचं. खीर मामीच करायच्या, दुसऱ्याला पळी धरू द्यायच्या नाहीत. पण गोडी पाहायची वेळ आली की मला बोलवायच्या. पळी माझ्या तळहातावर उलटी करून म्हणायच्या, पाहा वो. मी चाटायची आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहात राहायच्या. माझ्या तोंडावरून त्यांना साखर कळायची. मग रिकामी पळी नाकाशी नेऊन एक श्वास घ्यायच्या आणि धुवायला टाकायच्या. वास घ्यायला बंदी नव्हती.

माझं लग्न होऊन तिसरी सुगी असेल, मामी खाटेला लागल्या. पावसाळ्यातच अन्न जाईनासं झालं होतं. भाकर नाही, वरण नाही. घशाशीच अडे. वैद्य आला, पोट दाबून पाहिलं, बाहेर ओसरीवर जाऊन मामाजींशी बोलला. बाईंना दूध द्या, दुसरं काही पोटात टिकणार नाही, असं म्हणाला. मामाजी म्हणाले, गंगेवर सोडलेलं आहे. वैद्यानं मान हलवली. पुरुषांचं बोलणं तिथे संपलं.

मग पेज. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. मीठ घालून, जिरं घालून, कधी नुसतं पाणीच. बाहेर धान कापायला आला. खळं सारवून झालं, पहिले भारे आले, आणि त्यांचा वास घरात शिरला. मामी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, त्या वळल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, नव्या तांदळाची खीर खावीशी वाटते. आणि मग स्वतःच म्हणाल्या, वेडी झाली मी, जाऊ दे.

जाऊ दे म्हणून जातं का काही? माणूस मरणाच्या वाटेवर आहे हे घरात सगळ्यांना दिसत होतं. तिनं एक मागितलं होतं. तिचा नेम न मोडता ते तिच्या तोंडात पडावं, एवढंच मला त्या सुगीत पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

तिरोड्याच्या स्टेशनवर तारबाबू होते मद्रासकडचे. त्यांच्या बायकोला मी भाजीपाला द्यायची, तिच्याशी मोडक्या हिंदीत बोलायची. तिनं सांगितलं, नारळाचं दूध काढायचं, त्याची खीर होते, आमच्याकडे सणाला तीच करतात. खोवायचा, गरम पाणी घालून वाटायचा, फडक्यात पिळायचा. मामाजींना विचारलं. ते म्हणाले, नारळ देवाचा आहे, चालेल. आमचे हे गोंदियाला गेले आणि नारळ घेऊन आले.

मी खीर केली. पांढरीशुभ्र, दाट. मामींना पाठीशी वळकटी देऊन बसवलं आणि चमचा तोंडाशी नेला. त्यांनी तोंडात घेतलं, थांबल्या, कसंबसं गिळलं.

"पोरी वो," म्हणाल्या, "हे खावाचं हाये का डोक्याले लावाचं?"

आता आमच्याकडे कसं, नारळ देवापुढे फोडायचा आणि नारळाचं तेल केसांना. भाजीला जवसाचं तेल. नारळ शिजवून खायची रीतच नाही. त्यामुळे त्या खिरीत आम्हाला वेणी-फणी दिसायची. मी स्वतः चाखली तर डोळ्यापुढे तेलाची बाटली. तारबाबूच्या बायकोला सांगितलं, वास येतो. ती माझ्याकडे पाहतच राहिली. अगं, वास येतो म्हणूनच तर घालायचं, म्हणाली. तिचंही खरं होतं. ज्याला जो वास लहानपणापासून घरचा.

तेव्हापासून मी त्या वासाच्या पाठीस लागले. शेतावर कापणी, घरात गड्यांचा स्वयंपाक, खाटेवर मामी, आणि मधल्या वेळात माझा नारळ. एकेक गोष्ट कळत गेली. खोबऱ्याच्या पाठीला काळी साल असते, ती सोलून काढली की वास निम्मा होतो. पहिलं पिळलेलं दाट दूध खिरीत घालायचं नाही. वास तेलात असतो आणि तेल सगळं पहिल्या पिळण्यात येतं. दुसरं, तिसरं पिळलेलं पातळ दूध घ्यायचं. तेही माठाजवळ थंड जागी ठेवलं की वर लोण्यासारखा थर धरतो, तो अलगद काढून टाकायचा. ते काढलेलं मी माझ्या केसांना चोपडायची. त्या सुगीत माझे केस कधी नव्हते इतके काळे झाले. बाया विहिरीवर म्हणायच्या, सासू मरून राहिली अन् सून सजून राहिली.

गूळ घालायचा नाही, हे असंच चुकून कळलं. गूळ नारळाचा सोबती, तो घातला की वास उलट उठून बसतो. साखर कोरडी कढईत घालून लालसर करायची, ती वासाला दाबते. तांदूळ कोरडेच भाजायचे, करपू न देता खरपूस. नारळाचं दूध उकळू द्यायचं नाही, उकळलं की फाटून तेल वर येतं. भात साखरेच्या पाण्यात मऊ शिजवायचा आणि दूध शेवटी, मंद आंचेवर. पण एवढं करून खीर पाणचट व्हायची. वास गेला, अंगही गेलं. तेव्हा देवरीकडच्या बायका बाजारात चारोळी घेऊन बसायच्या. जंगलातली, लहान, उन्हाळ्यात वेचून वाळवलेली. ती भिजवून, साल चोळून काढून, पाट्यावर गंधासारखी वाटली. ती घातली आणि खिरीला अंग आलं. वर पातळ साय धरल्यासारखी धरली.

प्रत्येक वेळी मामी चमचाभर चाखायच्या. तेल कमी झालं म्हणायच्या. अजून हाये थोडंसं, मागून येते. एकदा म्हणाल्या, आज फक्त फणीचा वास आला, तेलाचा नाही. खाटेवर पडून थट्टा करायच्या. गाल आत गेले होते, पण माझ्या हातात वाटी दिसली की डोळे इकडे यायचे. मला वाटायचं, हिला वाट पाहायला काहीतरी आहे तोवर ही जात नाही.

आणि मग ते गोवरीचं माझ्या मनात आलं. सगळं जमलं होतं, पण खिरीला आमच्या घरचा वास नव्हता. मी कुंभाराकडून नवं कोरं मडकं आणलं. दुधाचं मडकं घेतलं नाही, त्याला दूध मुरलेलं असतं, विटाळ नको. आमच्या ह्यांनी परसात नारळ फोडून दिले, माझ्यापुढे बसून सोललेसुद्धा. दुधाच्या खड्ड्याशेजारी दुसरा लहान खड्डा केला, गोवऱ्या पेटवल्या, राख धरू दिली आणि वर ते नवं मडकं ठेवलं. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत खीर धुरात मुरली. फिकट विटकरी झाली. मी चाखली आणि मला रडू आलं. नारळाचा मागमूस नव्हता. ती मामींची खीर होती.

मामींना बसवलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा सैल झाल्या. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी दुसरा चमचा भरला. त्यांनी डोळे उघडले.

"दूध हाये यात."

नाही म्हटलं. तुमच्या गळ्याची शपथ घेते म्हटलं. नारळ आहे, चारोळी आहे, धूर आहे. त्या माझ्याकडे पाहात होत्या आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्या लेकराकडे आई पाहते तशी ती नजर होती. माझ्या मायेपायी तू हे केलंस, मला समजतं, पण तू केलंस. असं.

"फसवू नोको वो मले," म्हणाल्या. "आता मरताना नोको."

तोंडात होतं नव्हतं ते त्यांनी पदरात सोडलं. थोडं गिळलं गेलं होतं. ते आठवून त्या घसा खरवडायला लागल्या.

आवाज ऐकून मामाजी आत आले. वाटी उचलली, वास घेतला. मी म्हटलं, मामाजी, तुम्ही खाऊन सांगा. घरात दुधाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. रोज संध्याकाळी त्या मडक्यातलं दूध सायीसकट पिणारा माणूस. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा चाटलं. म्हणाले, दूधच आहे. तिच्या जन्मभराच्या पुण्यात तू माती कालवलीस, असं मला म्हणाले. मी परसातल्या करवंट्या आणून दाखवल्या. करवंट्या तर रोजच पडतात, म्हणाले.

आमचे हे दारात उभे होते. त्यांच्या हाताला अजून नारळाचा चीक असेल. ते म्हणाले, बाबा. एवढंच. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द आला नाही. खाली पाहून आमचे हे खळ्याकडे निघून गेले. तसा माणूस वाईट नव्हता. पुढे पन्नासेक वर्षं संसार केला आम्ही, नीट केला. पण त्या दाराशी त्यांनी गिळलेलं वाक्य मी कधी विसरले नाही, आणि मी विसरले नाही हे त्यांना माहीत होतं.

आता माझ्या ध्यानात येतं, पाहा. जो वास घालवायला मी जिवाचं रान केलं, तोच माझा साक्षीदार होता. तो असता तर मामींनी तोंड वाकडं करून का होईना, बेफिकीर खाल्लं असतं. तेलासारखी लागते म्हणत वाटी संपवली असती. मी तो साक्षीदार घालवला आणि जागी गोवरीचा धूर आणून बसवला. त्या घरात त्या धुराचा अर्थ एकच होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दाट दुधाची केली. काळ्या सालीसकट वाटलेली, उकळलेली, वर तेल तरंगणारी. खोलीभर वास. पाहा मामी, डोक्याचं तेल आणलं, म्हटलं. त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. त्या दिवसापासून माझ्या हातची पेजसुद्धा घेतली नाही. पेजही पांढरी असते ना. पाणी प्यायच्या, तेही मामाजींनी दिलेलं. काशीहून आणलेल्या लोटीतलं गंगेचं पाणी चमचा चमचा मागून घ्यायच्या. तो एक गिळलेला घास धुऊन निघावा म्हणून.

भारी धान कापायला आला आणि मामी गेल्या. शेवटी शेवटी त्यांनी माझा हात धरला होता. माफ केल्यासारखा धरला होता. मला माफी नको होती हो. मला एवढंच पाहिजे होतं की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा आणि खीर खावी.

नात दूध पीत नाही. तिला कोणी घाटावर उभं केलं नाही. तिचं नाव घेऊन तिच्यासाठी दुसऱ्यानं पाणी सोडलं नाही. तिला वाटलं, तिनं सोडलं. उद्या वाटलं तर घेईल. ती वाटी घेऊन माझ्यापुढे बसते आणि वासाबद्दल कुरकुर करते, तेव्हा मला तिचा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू. हेवा वाटतो, आणि मामींसाठी जीव जळतो. मामींना वांगं सोडायचं होतं हो.

तेरवीला गाव जेवलं. मामाजींनी दोन दिवस आधीपासून घरोघरचं दूध सांगून ठेवलं होतं. परसात मोठी चूल काढली, नव्या चिन्नोरचे तांदूळ, खिरीचा मोठा गंज चुलीवर चढवला. मेल्या माणसाला नेम राहत नाही, असं सगळेच म्हणत होते. घरात सून मी एकटीच, म्हणून पळी माझ्या हातात आली. मामाजी ओसरीवरून उठून आले, गंजात डोकावले, आणि कासंडी उचलून आणखी दूध त्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं.

"घाला भरपूर," म्हणाले. "तिले खीर लय आवडे."

बाया पदराला डोळे पुसू लागल्या. मी दूध खाली लागू नये म्हणून ढवळत राहिले.